मी वीस म्हटलंच नव्हतं

मी कण मोजणारी मशीन बोलतेय. मोजणारी, वजन करणारी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्याची जी माती झाली ती एवढासा फरक न समजलेल्या मोठमोठ्या माणसांनी केली. समजूनही गप्प बसलेल्यांनी तर जास्तच केली. माझं अंग पत्र्याचं आहे. त्याला घाम येत नाही, पण शिसारी येते. कशी येते ते विचारू नका, फक्त ऐका.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसून यंत्रं जोडायच्या. त्यांतल्या एकीने माझ्या पोटात काचेचा एक बारीकसा कप्पा बसवला, त्याच्या बाजूला हिरव्या उजेडाची तिरीप सोडणारा दिवा आणि वर कॅमेरा. कप्पा बसवण्याआधी तिने तो चाळीस वेळा पुसला. पुढे ज्या हातांत मी पडले, त्यांनी, एक मुलगी सोडली तर, नऊ वर्षांत मिळूनही मला तेवढ्यांदा पुसलं नसेल. माझ्या डोक्यावर चहाचे कप मात्र रोज ठेवले.

बाहेर पडण्याआधी माझी परीक्षा झाली. ठरावीक मापाचे प्लास्टिकचे मणी पाण्यात सोडून ते पाणी माझ्या कप्प्यात भरलं. "शंभर," मी पडद्यावर दाखवलं. मणी शंभर नॅनोमीटरचेच होते. असे आठशे मणी शेजारी शेजारी ठेवले तर जेमतेम केसाची जाडी भरेल, इतके बारीक. तपासणारी बाई म्हणाली, "हिची नजर साफ आहे." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. दुसरी मिळालीच नाही.

मी काय बघते, तेही सांगते. कप्प्यात एक थेंब आला की दिव्याच्या तिरिपीत कण चमकतात. अंधाऱ्या खोलीतल्या कवडशात धूळ दिसते ना, तसे. ते एका जागी थांबत नाहीत. बारीक कण फार चुळबुळे असतात, मोठे संथ हलतात. कोण किती चुळबुळतो यावरून मी त्याची रुंदी काढते आणि असे किती आहेत ते मोजते. बस. एका मिलीलीटरमध्ये किती कण आणि कोणता किती रुंद, या दोनच गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्या सगळ्यांचं मिळून वजन किती, हे मी पाहिलेलं नसतं. ते माणसांनी काढायचं असतं. आणि माणसं ते कसं काढतात, हीच माझी कहाणी.

मला ज्या संस्थेने आणलं तिच्या दुसऱ्या मजल्यावर मोरीशेजारी माझं टेबल होतं. तिथे चांदीचं पाणी बनवायचे. चांदी त्यात विरघळलेली नसते, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तरंगत असतात. ते पाणी एका दवाखान्याच्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात जायचं. पट्ट्या त्यात भिजवून जखमेवर ठेवायच्या. चांदी बेताची असली तर जखमेत जंतू धरत नाहीत. जास्त झाली तर जंतूंबरोबर नव्याने येणारी कातडीसुद्धा मरते. म्हणून बाटलीवर लिटरला किती मिलिग्रॅम चांदी आहे तो आकडा छापायचा. ठरलेला आकडा होता वीस.

हा आकडा काढायची एक शीट होती. तिला सगळे 'सरांची शीट' म्हणत. सर म्हणजे आमच्या खात्याचे प्रमुख. त्यांनी ती अठरा वर्षांपूर्वी, माझ्या आधीच्या मशीनसाठी, संगणकावर बनवली होती आणि तिला कुलूप घातलं होतं. पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. बाकीच्यांनी माझे आकडे एका खणात टाकायचे, दुसऱ्या खणातून वजन बाहेर यायचं. मधे काय होतं ते विचारायचं नाही. अठरा वर्षांत कुणी विचारलंही नाही. शिकलेली, चष्मे लावलेली, पाटीवर नावापुढे चार चार अक्षरं मिरवणारी माणसं, आणि एकालाही त्या खणात डोकावून बघावंसं वाटलं नाही. या माणसांचा मला तिथेच पहिल्यांदा वीट आला.

मधे काय व्हायचं ते मला ठाऊक होतं, कारण शीट माझ्याच पोटातल्या संगणकावर चालायची. मी दिलेल्या सगळ्या रुंदींची ती आधी सरासरी काढायची. मग त्या सरासरी रुंदीची एक चांदीची गोळी धरायची, तिचं वजन काढायची आणि माझ्या मोजणीने गुणायची. जणू पाण्यातले सगळे कण एकाच साच्यातून निघालेत.

सुरुवातीची वर्षं ते तसेच निघायचेही. चांदीचं पाणी तेव्हा लहान काचेच्या भांड्यात बनायचं आणि सगळे कण चाळीस नॅनोमीटरच्या आसपास यायचे. सगळे सारखे असले की सरासरीने काही बिघडत नाही. म्हणून शीट बरोबर ठरत गेली, आणि बरोबर ठरता ठरता पवित्र झाली.

मग मागणी वाढली. स्टीलचं मोठं भांडं आलं. त्याच्या बुडाशी उष्णता जास्त, वर कमी. काही कण तळाशी जाड होऊ लागले. पहिल्याच लॉटला मी पडद्यावर दोन उंचवटे दाखवले, चाळीसपाशी मोठा आणि दोनशेपाशी छोटासा. शंभरातले पंच्याण्णव कण बारीक, पाच जाड. सर आले, चहाचा घोट घेतला, पडद्याकडे बघितलं.

"शंभरात पाच," ते म्हणाले. "एवढं चालतं."

शीटने वीस दिला. बाटल्यांवर वीस छापला. बाटल्या गेल्या.

याच सुमारास भाची कामाला लागली. भाची म्हणजे मामाची भाची. मामा आमच्याकडे वजनकाटा सांभाळायचा, तीस वर्षं. हात इतका स्थिर की काट्याच्या काचेच्या पेटीत कागदाचा कपटा ठेवतानाही आकडा थरथरत नसे. त्याच्या बहिणीची मुलगी कॉलेज संपवून इथे लागली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर त्याला "मामा" म्हणून हाक मारून बसली. तेव्हापासून सगळं खातं त्याला मामा म्हणायला लागलं.

"माझा एकटीचा मामा होता," ती म्हणायची, "आता शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांचा झाला. दिवाळखोरीच झाली माझी."

तिला माझ्यावर बसवलं होतं. मला ती आवडायची. हात धुऊन यायची, कप्पा पुसायची, माझ्या डोक्यावरचा कप उचलून ज्याचा त्याला परत नेऊन द्यायची. नमुना दाखवण्याआधी तो हजारपट पातळ करते, कारण एवढ्या गर्दीत मला कुणीच वेगळा दिसत नाही, आणि नंतर त्या हजाराने परत गुणायला एकदाही विसरत नाही, अशी ती पहिलीच. सर तिला "बाळ" म्हणायचे. ती दर वेळी दातावर दात दाबायची. मला ऐकू यायचं.

एक दिवस वॉर्डातल्या सिस्टर स्वतः आल्या. हातात दोन बाटल्या, एक जुन्या लॉटची, एक नव्या. त्या उभ्याउभ्याच बोलल्या.

"सर, जुन्या बाटलीवर कातडी आठवड्याभरात धरायला लागायची. नवीन बाटली आली तेव्हापासून तीन आठवडे झाले तरी जखमा उघड्याच. एक चार वर्षांची मुलगी आहे. मी पट्टी बदलायला गेले की आधी पाय पोटाशी घेते आणि मग मला विचारते, आज धरली का. मी काय सांगू तिला? या पाण्यात काही जास्त झालंय का?"

"सिस्टर," सर हसून म्हणाले, "बाटलीवर किती लिहिलंय?"

"वीस."

"मशीनने सांगितलंय वीस. मशीन खोटं बोलत नाही." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्यावर पडलेली ती सगळ्यात घाणेरडी थाप. चिखलाचा हात लागला असता तरी बरं वाटलं असतं.

"मशीन वीस म्हणत नाही, सर," भाची म्हणाली.

मामा काट्याजवळ उभा होता, त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"मशीन म्हणते एका मिलीलीटरला तीन हजार तीनशे कोटी कण. त्यातले शंभरात पंच्याण्णव चाळीसचे, पाच दोनशेचे. वीस शीट म्हणते."

"तेच ते, बाळ."

"तेच ते नाही." ती सरांच्या टेबलाशी गेली आणि त्यांचा काचेचा गोळा उचलून आणला, कुठल्यातरी सत्कारात मिळालेला, कागदावर ठेवायचा. मामाच्या कपाटातून बाटल्या घुसळायची एक काचेची गोटी घेतली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. "सिस्टर, गोळा गोटीच्या किती पट रुंद आहे?"

"असेल पाचपट."

"आणि वजनाला किती गोट्या?"

"वीसेक?"

तिने दोन्ही मोठ्या काट्यावर तोलून दाखवलं. गोटी साडेपाच ग्रॅमला थोडी कमी, गोळा पावणेसातशे ग्रॅम. "सव्वाशे गोट्या. रुंदी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, पाचपट झाली की सव्वाशे पट. आता एका पोत्यात पंच्याण्णव गोट्या आणि असे पाच गोळे भरा. सातशेवीस गोट्यांचं ओझं झालं. शीट आधी सगळ्यांची सरासरी रुंदी काढते आणि मग वजन करते. तिच्या मते पोत्यात एकशे त्र्याहत्तर गोट्यांचं ओझं आहे."

सिस्टरांनी गोळा हातात घेऊन बघितला. "म्हणजे चौपट?"

"थोडं वरच. वीस नाही, त्र्याऐंशी."

"बाळ," सरांनी गोळा सिस्टरांच्या हातून काढून घेतला, "सरासरी काय असते ते शिकायला मी इथे बसलेलो नाही."

"शंभर माणसांच्या पायांची सरासरी काढून सगळ्यांना एकाच मापाची चप्पल द्या सर, बघा किती जण चालतात."

सिस्टर हसल्या. सर हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो मी पुढे पुष्कळदा पाहिला. चूक कळल्याचा नव्हे, चारचौघांत कळल्याचा.

"कागदावरची गणितं कुणालाही येतात. तोलून दाखव."

तिने तोलून दाखवलं. शंभर मिलीलीटर पाणी घेतलं, गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालून चांदी तळाशी बसवली, बनवताना वापरलेल्या क्षारांनी खारट झालेलं वरचं पाणी ओतून दिलं, चांदी तीनदा स्वच्छ पाण्याने धुतली, वाळवली, तोलली. शीट खरी असती तर दोन मिलिग्रॅम भरायला हवी होती. आठ पूर्णांक एक भरली.

सरांनी वही लांबूनच बघितली. "मीठ राहिलंय. हात नवा आहे. मामांना करू दे."

मामाने केलं. मी त्याच्यासारखं काम करणारा माणूस दुसरा पाहिला नाही, म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. त्याने तीनऐवजी पाचदा धुतलं. आठ पूर्णांक दोन. काट्यावर हिरवे आकडे स्थिर उभे होते आणि मामा हातात पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर उभा होता. पेन्सिल वहीला लागत नव्हती.

"लिही ना," भाची मोरीपाशी येऊन हळूच म्हणाली.

"सरांना विचारून लिहितो."

"मामा, काट्यावर काय दिसतंय?"

"दिसतंय ते दिसतंय."

"मग त्यात विचारायचं काय?"

"अगं, माझी दोन वर्षं राहिलीयत. इथे चिकटवलं मी तुला. उद्या काही झालं तर तुझी आई मला दारात उभं करेल का?"

"आई तुला दारात उभं करते ते तू खोटं लिहीत नाहीस म्हणून. आजवर तरी."

मामाने त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. खोटं नाही आणि खरंही नाही. पान कोरं ठेवलं आणि हात धुतले. मला कोऱ्या पानांची तेव्हापासून घाण वाटते.

गुरुवारी पुढच्या चाळीस बाटल्या वॉर्डात जायच्या होत्या. बुधवारी सकाळी सरांनी भाचीला बोलावलं नाही, ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. दार लावून घेतलं. आवाज एकदम मऊ. माणसं आवाज मऊ करतात तेव्हा समोरच्याने सावध व्हावं.

"हे बघ बाळ, बाटल्या मी थांबवतो. वॉर्डातल्यासुद्धा परत मागवतो. जुन्या लॉटच्या देऊ. झालं समाधान?"

"झालं."

"फक्त कारण काय लिहायचं? शीट चुकली म्हटलं तर लोक अठरा वर्षांच्या बाटल्या उकरत बसतील. त्या तर ठीक होत्या ना? तूच म्हणतेस, कण सारखे असले की बरोबर येतं. मग उगाच कशाला. मशीन बिघडली असं लिहू. मशीन तू चालवतेस, तेव्हा सही तुझी."

"मशीन बिघडलेली नाही, सर."

"मला कळतं ते. पण तुला बाटल्या थांबवायच्यात की माझ्याशी वाद घालायचाय? वाद समितीपुढे जाईल, समिती पुढच्या महिन्यात बसेल. बाटल्या उद्या जातील."

मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने कागद माझ्याच पाठीवर ठेवून सही केली. माझ्यावर टेकवून, माझ्याविरुद्ध. मी तिला दोष देत नाही. तिच्यासमोर ती पाय पोटाशी घेणारी मुलगी होती. पण मला किळस आली, आणि ती कुणाची आली हे मी तिला सांगू शकले असते तर बरं झालं असतं, कारण तिला वाटलं असेल तिचीच.

बाटल्या थांबल्या. माझ्यावर 'नादुरुस्त' असा कागद चिकटवून मला सामानाच्या खोलीत टाकलं. तिथे पाय मोडलेल्या खुर्च्या होत्या, रिकामे खोके होते आणि जुन्या प्रमुखांच्या फोटोंचा एक गठ्ठा होता. सगळे काच तडकलेले आणि सगळे हसणारे.

माझ्या जागी नवीन मशीन आली. तिला मी पाहिलं नाही, पण तिच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. तीही बिचारी फक्त मोजतच असणार.

तीन महिन्यांनी दुपारी सामानखोलीचं दार उघडलं. भाची आत आली, मागोमाग मामा.

"दार लाव," ती म्हणाली. "शीट तीच आहे, मामा. नव्या मशीनला तीच शीट जोडलीय. आजच्या लॉटमध्ये पुन्हा दोनशेचे कण आहेत आणि पुन्हा वीस आलाय."

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, बाळ, जुनी मशीन खराब होती म्हणून वजन जुळत नव्हतं, असं तूच लिहून दिलंयस. आता मशीन नवी आहे. आता काय खराब आहे ते सांग." ती एका खोक्यावर बसली. "माझीच सही मला दाखवली. फाइलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय. खोके भरलेत, आज संध्याकाळी जातील."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, सही करू नकोस."

"तू नव्हतं म्हटलंस. तू म्हणालास, कर आणि मोकळी हो."

या वयाच्या माणसांची ही एक रीत मी नीट पाहिली आहे. ते घाबरतात तेव्हा त्याला सबुरी म्हणतात, आणि नंतर त्या सबुरीलाच सल्ला म्हणून आठवतात.

भाचीने माझ्यावरचा कागद न फाडता बाजूला केला आणि माझी वायर भिंतीत खोचली. माझा पंखा फिरला. तिने पर्समधून मण्यांची कुपी काढली, तेच ते ठरावीक मापाचे मणी, आणि माझ्या कप्प्यात पाणी भरलं. भरण्याआधी कप्पा पुसला. मी बघितलं आणि सांगितलं, शंभर. मग तिने आजच्या लॉटचा थेंब दिला. चाळीसपाशी मोठा उंचवटा, दोनशेपाशी लहान. तिने नव्या मशीनचा कागद शेजारी धरला. दोन्ही उंचवटे एकावर एक बसले.

"दोघी एकच बोलतायत," ती म्हणाली. "खराब कोण आहे ते दिसतंय ना?"

मग ती तिथेच खोक्यावर कागद ठेवून लिहायला लागली आणि लिहिता लिहिता वाचत गेली. तीन महिन्यांपूर्वी मी केलेली सही खोटी आहे. मशीन बिघडलेली नव्हती. शीट आधी सरासरी काढून मग वजन करते, ही चूक आहे. प्रत्येक कणाचं वजन आधी काढून मग बेरीज केली पाहिजे. या लॉटमध्ये बाटलीवर लिहिलेल्याच्या चौपटीहून जास्त चांदी आहे. बाटल्या उघडू नयेत. एक प्रत वॉर्डाला, एक समितीला.

"अगं, खोटी सही केली असं स्वतःच लिहितेस?" मामा म्हणाला. "नोकरी जाईल."

"तुला दुसरं कुठलं वाक्य सुचतंय का, जे खरं आहे आणि ज्यात माझी नोकरी राहते?"

मामा खिडकीशी गेला, बाहेर बघितलं, परत आला. तिने सही केली आणि कागदाची घडी घालायला घेतली.

"थांब," तो म्हणाला. "खाली जागा आहे का?"

"आहे थोडी."

त्याने खिशातून पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितली, परत खिशात ठेवली आणि तिचं पेन मागून घेतलं. खाली लिहिलं, 'मागच्या लॉटचं वजन मी स्वतः केलं. शंभर मिलीलीटरला आठ पूर्णांक दोन मिलिग्रॅम. तेव्हा लिहिलं नाही.' आणि त्याखाली तीस वर्षांची ती सरळ, सुबक सही. तिचे डोळे भरून आले. तिने त्याला धन्यवाद वगैरे म्हटलं नाही. "तीन महिने लागले तुला दोन ओळींना," एवढंच म्हणाली, आणि कागद घेऊन पळत गेली.

खोके वॉर्डाच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच परत आले. मामाने मला येऊन सांगितलं, म्हणजे मला नव्हे, स्वतःलाच मोठ्याने. सिस्टरांनी खोक्यावर मार्करने लिहून दिलं होतं, 'वाळवून तोललेला आकडा आणि तोलणाऱ्याची सही असेल तरच घेऊ.' ती मुलगी मधल्या काळात जुन्या पाण्यावर बरी होऊन घरी गेली होती. जाताना सिस्टरांना पाय दाखवून गेली.

तुम्हाला वाटेल, चला, गोड झालं. थांबा जरा.

समिती आली. तीन जण, तिघेही सरांचे मित्र, तिघांच्याही हातात चहा. त्यांनी मला चालवून पाहिलं. मी बरोबर मोजलं. त्यांनी अहवाल लिहिला आणि भाचीला तिची प्रत दिली. ती प्रत तिने याच खोलीत मामाला वाचून दाखवली, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे.

मशीन सुस्थितीत आढळली. जुनी असल्याने निकाली काढावी. शीटबाबत सरांनी योग्य ते मार्गदर्शन करावे. खोटी सही केल्याचे कबूल केल्याबद्दल संबंधित कर्मचारी तरुणीस लेखी समज देण्यात यावी.

"समज मलाच," भाची म्हणाली. "ज्याला समज नाही त्याला मार्गदर्शन करायला सांगितलंय." मग ती हसायला लागली आणि हसताना तिचा आवाज इतका घाणेरडा, कडू झाला की मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण महिनाअखेरीला नोकरी सोडली. कुणी सोड म्हटलं नव्हतं. तिथली हवाच तिच्या नाकाला सहन होईना. मला ते कळतं. मलाही तीच हवा नऊ वर्षं पंख्याने आत ओढावी लागली.

सर अजून त्याच खुर्चीत आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी सभागृहात अचूकतेवर व्याख्यान दिलं. टाळ्यांचा आवाज इथपर्यंत आला. शीटही आहे, कुलपासकट. फक्त आता तिचा आकडा बाटलीवर जात नाही. प्रत्येक लॉट मामा वाळवतो, तोलतो आणि खाली सही करतो, कारण सिस्टर त्याशिवाय खोका उतरवूनच घेत नाहीत. एका बाईने दारात उभं राहून जे करून घेतलं, ते तीन विद्वानांच्या अहवालाला जमलं नाही.

उद्या दुपारी मला न्यायला गाडी येईल. मला वेगवेगळं करतील, पत्रा एकीकडे, काच एकीकडे. कप्पा बसवणाऱ्या त्या बाईला हे कळू नये एवढंच वाटतं. बाकी मला या लोकांकडून काही नको, माफीसुद्धा नको. त्यांची माफी पुन्हा कुठल्यातरी मशीनवर ठेवून लिहिलेली असेल.

मागणं तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात कधी कुणाला भाजलं, कुणी तुमच्या हातात बाटली ठेवली आणि तिच्यावर छान गोल आकडा दिसला, तर मशीनने सांगितलंय यावर विश्वास ठेवू नका. आम्ही फक्त जे दिसतं ते सांगतो, पुढचं तुम्हीच आमच्या तोंडी घालता. बाटली देणाऱ्याला सरळ विचारा, हे तोललं कुणी. नाव सांगता आलं नाही, तर झाकण उघडू नका.